डिश्चार्ज नावाचा बोकड

नवसाच्या बोकडाला नाव द्यायचं नसतं. एवढा साधा नियम आहे. आमच्या कोथरूड गावठाणातलं शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला सांगेल. नाव दिलं की तो घरातला होतो, आणि घरातल्याच्या मानेवर सुरी चालवायला हात धजत नाही. माझ्या सासूबाईंनी, सरुबाईंनी, हा नियम आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडून ओरडून सांगितला आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी स्वतःच मोडला.

त्या बोकडाचं नाव डिश्चार्ज. हसायचं असेल तर हसून घ्या, आम्हीही हसलो होतो. माझे यजमान हिंमतराव यांची बायपास झाली तेव्हा आत्या पंधरा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नर्सला त्यांचा एकच प्रश्न, "डिश्चार्ज कवा?" ज्या दिवशी मिळाला, त्याच दिवशी त्यांनी खडकवासल्याच्या पलीकडच्या एका ओळखीच्या धनगराकडून दोन महिन्यांचं करडू आणवलं आणि पंधरा दिवस तोंडात बसलेला शब्द त्याला देऊन टाकला.

मी तनुजा. शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवते. घरात काय खरं आणि काय खोटं हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे माझ्याकडे आहे असं मी समजते. आत्या तसं समजत नाहीत. "तुझं पुस्तकातलं हाय, माझं वापरलेलं हाय," असं म्हणून त्या विषय संपवतात, आणि मला पोळी लाटता लाटता दातओठ खावे लागतात.

या बाईबद्दल काय सांगू? आज जिथे आमची पाच मजली सोसायटी उभी आहे, तिथे त्यांनी ज्वारी खुडली आहे. शेरडं घेऊन त्या टेकडीवर जायच्या. जमीन बिल्डरला गेली आणि बदल्यात फ्लॅट आले. बिल्डरनं सगळं सपाट केलं, फक्त शेंदूर फासलेला म्हसोबा हलवायची कुणाची छाती झाली नाही. तो आता पार्किंगच्या कोपऱ्यात, विजेच्या मीटरांच्या शेजारी बसलेला असतो. रोज सकाळी आत्या त्याला पाणी घालतात आणि त्याच्याशी भांडतात. मी खिडकीतून ऐकलंय. "काल सांगितलं ते इसरलास व्हय?" अशा भाषेत.

पण भावकीत त्यांचं नाव आहे ते वाट्यांसाठी. आमच्याकडे चैत्रात म्हसोबाची जत्रा असते. अकरा घरं मिळून बोकड करतात आणि त्याचे अकरा वाटे घालतात. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडी बरगडी, काळीज, चरबी, हाड सगळं यायला हवं, आणि अकराही ढीग सारखे दिसायला हवेत. पूर्वी हे काम पुरुष करायचे आणि दर वर्षी काळजाच्या तुकड्यावरून डोकी फुटायची. शेवटी माझ्या आजेसासऱ्यांनी वैतागून बावीस वर्षांच्या सुनेला बोलावलं आणि म्हणाले, "तू घाल." तेव्हापासून आजतागायत आत्याच घालतात. वजनकाटा नाही, काही नाही. हातात तुकडा घ्यायचा, क्षणभर तोलायचा आणि ढिगावर ठेवायचा. इतर गावांत पाठ करून बसलेल्या माणसाला "हा वाटा कुणाचा?" असं विचारून वाटे देतात, म्हणजे भांडण नको. आमच्यात त्याची गरज पडत नाही. कुणीही कुठलाही उचलतो. कोथरूड गावठाणात दुसऱ्याच्या वाट्याकडे न बघणारी माणसं आहेत, हे त्या बाईचं कर्तृत्व आहे.

तर नवस. हिंमतरावांना आत नेलं तेव्हा आत्यांनी बाकावर बसल्या बसल्या हात जोडले आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "म्हसोबा, माझं पोरगं पायावर उभं कर. तिसऱ्या चैत्राला तुला बोकड देते." मी शेजारीच होते. एरवी मी काहीतरी खवचट बोलले असते. त्या दिवशी नाही बोलले.

हिंमतराव उभे राहिले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि आमचे हिंमतराव म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावरून उठायलाही कंटाळणारा माणूस. मग आत्यांनी त्यांच्या हातात करडाची दोरी दिली. "ह्याला पाला खाऊ घालून आण." पहिल्या दिवशी दोघंही कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपर्यंत जाऊन धापा टाकत परतले. मग चौकापर्यंत. मग टेकडीच्या पायथ्यापर्यंत. वर्षभरात दोघं टेकडी चढून उतरायला लागले. करडाचा बोकड झाला, नवऱ्याची ढेरी गेली. आत्या गॅलरीतून दोघांची वाट बघायच्या, आणि आधी कुणाला बघायच्या हे मला कधीच कळलं नाही.

सोसायटीत अर्थातच बोंबाबोंब झाली. सेक्रेटरी सत्यशीलाताई, तिसरा मजला, बँकेतून निवृत्त, शुद्ध शाकाहारी. त्यांनी सूचना फलकावर लिहिलं, 'पार्किंग वाहनांसाठी आहे. बोकडास नंबर प्लेट असल्यास कागदपत्रे दाखवावीत.' आत्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, नंबर न्हाई, पर पायजे तर तुमचं नाव लावते त्याला." मी हा निरोप पोचवला नाही.

तिसरा चैत्र जवळ यायला अजून सहासात महिने होते, तेव्हा दसऱ्याच्या सुमारास आत्यांचं जेवण तुटलं. भाकरी कुस्करायच्या आणि तशीच ठेवायच्या. तासन्‌तास खाली बोकडाजवळ जाऊन बसायच्या. आमची मुलगी निशा आजीची लाडकी. तिनं एका रविवारी खनपटीलाच बसून विचारलं. तेव्हा म्हातारीचा बांध फुटला.

"कापवत न्हाई गं मला त्याला," त्या म्हणाल्या. "हयातीत शंभर बोकडं केली आसतील. डोळ्याला पाणी आलं न्हाई. पर ह्यो तुझ्या बापाच्या संगट चालाय शिकलाय. आन् न्हाई कापला, तर देवानं तुझ्या बापाला माघारी न्हेलं तर? मी काय करू?"

मी दारात उभी होते. "आत्या, देव असला हिशोब ठेवत नसतो," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर विश्वास नव्हता माझा, पण भीती होती, आणि ती मी कुणाला सांगणार होते?

निशा पाषाणच्या बाजूला एका छोट्या कंपनीत काम करते. तिथे जनावर न मारता मटण वाढवतात. तुम्ही पेपरात वाचलं असेल. जनावराच्या अंगातला हरभऱ्याएवढा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी स्टीलच्या टाकीत खुराक देऊन वाढवायच्या, आणि काही महिन्यांनी खिमा तयार. विकायला अजून परवानगी नाही. लेखी संमती घेऊन चव चाचणी करतात, एवढंच. निशानं आजीचे हात धरले. "आजी, डिश्चार्जचंच मटण करूया. त्याच्याच पेशी, त्याच्याच अंगाचं मटण. देवाला त्याचा बोकड मिळेल आणि बोकड दारात राहील."

आत्या म्हणाल्या, "आसं बी आसतं व्हय?" आणि त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

त्या वर्षी जत्रेला आमच्या नवसाचाच बोकड व्हायचा होता. भावकीत बातमी पसरली आणि मग काय विचारता! माझे चुलत दीर दत्तप्रसाद धावतच आले. जत्रेच्या बोकडाचं मुंडकं त्यांच्या घराच्या मानाचं. "वहिनी, टाकीतल्या बोकडाला मुंडकं असतं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर चेहरा पडला. "मग आमचा मान?" दुसऱ्या एका घरून व्हॉट्सॲपवर आलं की हे प्लास्टिकचं मटण आहे आणि कॅन्सर होतो. त्याच घरातले लोक दर रविवारी गाड्यावरचा चायनीज भात खातात, ते जाऊ द्या. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी विचारलं, "पण निसर्गाच्या विरुद्ध नाही का हो?" मी म्हटलं, तुमचा चष्मा काढा आणि मग बोलू.

सगळ्यात कमाल सत्यशीलाताईंची. जिन्यात मला अडवून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "यात हिंसा नाही म्हणता ना? मग तत्त्वतः आमच्यासारख्यांना चालेल का?" मी म्हटलं, देऊ का वाटीभर? तर एकदम ताठ झाल्या. "छे छे! केवळ माहिती म्हणून विचारलं," म्हणाल्या आणि दोन पायऱ्या वर जाऊन परत थांबल्या. "चव तशीच लागते का?"

आत्यांनी स्वतः मुलाण्याकडे जाऊन यायचं ठरवलं आणि मला सोबत घेतलं. आमच्या म्हसोबाचा बोकड पिढ्यान्‌पिढ्या मुलाण्याच्याच हातून होतो. त्याच्या तोंडून अल्लाचं नाव निघाल्याशिवाय आमच्या देवालाही चालत नाही. अन्वरभाई साठीचे, शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. "आत्या, ज्याच्या मानेत जीव नाही त्याच्यावर मी काय म्हणू? मी येतो, जेवतो. सुरी घरी ठेवतो," म्हणाले. त्यांना राग आला होता का, ते समजलं नाही. आत्या परत येताना वाटेत म्हणाल्या, "चांगलं माणूस हाय."

बोकडाच्या मांडीतून तुकडा काढला त्या दिवशी जनावरांचा डॉक्टर आला होता. भूल देऊन दोन मिनिटांत काम झालं. डिश्चार्जनं एकदा बें केलं आणि सत्यशीलाताईंच्या कुंडीतली जास्वंद खाल्ली.

माघात आत्यांनी हट्ट धरला की मला ती टाकी बघायची आहे. निशानं आजीला स्कूटरवर मागे बसवलं, मी माझ्या गाडीवर पाठोपाठ. पांढरे कोट, डोक्याला टोप्या. आत्यांना टोपी घालून पाहिलं तर मला हसू आवरेना. टाकी आपली दुधाच्या मोठ्या कॅनसारखी, नळ्या जोडलेली. आत्या तिच्याभोवती एक फेरी मारून उभ्या राहिल्या.

"ऊब कोण देतंय?"

"मशीन देतं, आजी."

"खातंय काय?"

निशा म्हणाली, साखर, क्षार आणि डाळीतून काढलेली प्रथिनं. पूर्वी असल्या कामात वासराच्या रक्तातला द्रव वापरायचे. आम्ही तो वापरत नाही. हे तिनं आपणहून सांगितलं, मला पोरीचं कौतुक वाटलं.

"हागतंय का?"

तिथले सगळे कोटवाले चपापले. निशा हसली, मग म्हणाली, "हो आजी. म्हणजे, नको असलेलं बाहेर टाकतं. ते पाणी आम्हाला बदलावं लागतं."

आत्यांनी मान डोलावली. "खातंय, हागतंय, वाढतंय. म्हंजे जित्तं हाय." मग त्यांनी विचारलं, "मग तुमी त्याला मारता कवा?"

निशानं मागे उभ्या असलेल्या तिच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब टाकीवरचे आकडे वाचायला लागले. मी इयत्ता आठवीला दर वर्षी सजीवांची लक्षणं शिकवते, तीच ही लक्षणं, आणि हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत एकाही पोरानं विचारला नव्हता. मलाही कधी सुचला नव्हता.

"टाकीतून काढून थंड केलं की थांबतं ते," निशा शेवटी म्हणाली. "त्याला काही कळत नाही, आजी. दुखत नाही. दुखायला मेंदू लागतो."

"म्हंजे मरतंयच. फकस्त वरडत न्हाई." आत्यांनी टाकीवर हात ठेवला, शेरडाच्या पोटावर ठेवतात तसा. "आसू दे. वरडत न्हाई तेवढं तरी बरं."

साहेबांना भलताच उत्साह आला होता. जत्रेच्या दिवशी व्हिडिओ करू म्हणाले, देवालाही चालतं असं लोकांना दाखवता येईल. आत्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चालतंय का न्हाई ते आजून मलाच ठाव न्हाई. तुमाला कुणी सांगितलं?" साहेबांनी व्हिडिओचा विषय परत काढला नाही.

चैत्रातला तो दिवस उजाडला. निशा थंड पेटीतून खिमा घेऊन आली आणि सोबत संमतीचे कागद. खाणाऱ्या प्रत्येकानं सही करायची. दत्तप्रसाद म्हणाले, "आणि म्हसोबाची सही कोण करणार?" आत्या म्हणाल्या, "आण हिकडं, मी आंगठा देते. त्याच्या वतीनं भांडणं बी मीच करते." निशानं तो अंगठा खरोखरच घेतला. कंपनीच्या फायलीत तो अजून असेल.

मग वाटे घालायची वेळ आली. पार्किंगमध्ये सतरंजी, त्यावर अकरा पानं. आत्या पदर खोचून बसल्या. पण खिमा तो. ना काळीज, ना बरगडी, ना हाड. त्यांनी हातात गोळा घेतला, नेहमीसारखा तोलला आणि ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा. चौथ्याला त्यांचा हात थांबला. त्या अकरा पानांकडे बघत राहिल्या.

"ह्यात वाटायचं काय?" त्या म्हणाल्या. "सगळीकडं सारखंच हाय. वाढायच्या डावानं कुणी बी घालंल."

पन्नास वर्षं त्या बाईनं हाडामासाचा हिशोब जुळवला होता आणि आज तिच्या हाताला कामच नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि निशाकडे बघितलं तर तिचे डोळे भरलेले. तेवढ्यात दत्तप्रसादांनी परत मुंडक्याचा विषय काढलाच. आत्या फाडकन म्हणाल्या, "मुंडकं पायजे? जा, आरशात बघ!" सगळे हसले आणि वाटे पुरे झाले.

रस्सा मी केला, कांदा-खोबऱ्याचा, काळा मसाला घालून. नाकं मुरडणारे, कॅन्सरवाले, प्लास्टिकवाले, सगळे जेवले. दत्तप्रसादांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि वर म्हणाले, "खास असं काही नाही." अन्वरभाई जेवले आणि आत्यांच्या पाया पडून गेले. मीही खाल्लं. मटणच होतं ते, फक्त चोखायला हाड नव्हतं.

आत्यांनी तोंडात घातलं नाही. घास हातात घेतला आणि समोर पाहिलं. खांबाला बांधलेला डिश्चार्ज त्यांच्याकडेच बघत पाला चघळत होता.

"कापला आसता तर खाल्ला आसता म्या," त्या मला म्हणाल्या. "देवाचा परसाद म्हणून. ह्यो तर हितं हुबा हाय. त्याच्या म्होरं त्यालाच कसं खाऊ?"

त्यांनी घास परत ठेवला, हात धुतले आणि नैवेद्याचं पान घेऊन म्हसोबासमोर गेल्या. सगळी भावकी उभी होती. त्यांनी पान ठेवलं, पण कपाळ टेकवलं नाही. उभ्याउभ्याच बोलल्या.

"आयक म्हसोबा. तुला बोकड म्हणले व्हते. ह्ये आणलंय. माझ्या नातीनं मनापासनं केलंय, खा. पर मला ठाव हाय, ह्यो बोकड न्हवं. बोकड दारात हाय, आन् त्यो मला देववत न्हाई. चूक माझी हाय. नवस बी माझाच हाय, पोराचा न्हाई. तवा राग आला तर मला धर. पोराकडं बघायचं न्हाई. सांगून ठेवते."

हिंमतराव लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांना कोपरानं ढोसलं, पण माझीही तीच गत होती.

त्यानंतर चार महिने सगळं ठीक चाललं. सत्यशीलाताईंनी फलकावरची सूचना काढली. बाप आणि बोकड टेकडीवर जात राहिले. म्हातारीला मात्र एक नवीन खोड लागली. तिला जरा ताप आला, खोकला झाला, की ती खूश. "बघ, माझ्याकडंच आला," म्हणायची आणि औषध नको म्हणायची. मी चिडून गोळ्या तोंडात कोंबायचे. "आत्या, हा साधा व्हायरल आहे, अख्ख्या कोथरूडला झालाय!" त्या गोळी गिळून माझ्याकडे बघून हसायच्या.

श्रावणातला दुसरा सोमवार. शाळा अर्धा दिवस होती, मुलं सुटतच होती, तेवढ्यात दुकानातून फोन आला. हिंमतरावांच्या छातीत कळ आली आहे, घाम सुटलाय, दवाखान्यात घेऊन निघालोय. मी कशी पोचले ते मला सांगता यायचं नाही. मी पोचले तेव्हा त्यांना आत नेलं होतं आणि मला बाहेर थांबवलं. समोर तीन वर्षांपूर्वीचाच बाक. मी त्यावर बसू शकले नाही.

मी पंचवीस वर्षं मुलांना शिकवते की योगायोग आणि कारण यांत फरक असतो. फळ्यावर लिहून देते. त्या दिवशी दवाखान्याच्या भिंतीला टेकून मी घरी फोन लावला आणि माझ्या तोंडून निघालं, "आत्या, अन्वरभाईंना बोलवा."

"काय झालं गं?"

"ह्यांना परत दुखायला लागलंय. आत्या, बोकड कापा. आत्ताच्या आत्ता कापा."

मग त्या म्हणाल्या, "तनुजा, आज सोमवार हाय. श्रावण हाय."

"मला कळतंय कुठला महिना आहे ते! माझा नवरा आत आहे! तुम्हीच बोलला होतात ना नवस? मग फेडा! कापा त्याला!" मी ओरडत होते. आजूबाजूची माणसं बघत होती. विज्ञानाच्या बाई, हातात उत्तरपत्रिकांची पिशवी, भर श्रावणात बोकड कापा म्हणून किंचाळत होत्या.

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "म्या देवाला माझं नाव सांगितलंय. तोंडातला शबुद दोनदा फिरवायचा नसतो. आता बोकड कापला तर त्याला वाटंल म्हातारीनं माघार घेतली. मग तो पोराकडं बघंल. तू फोन ठेव. पोराजवळ जा."

"आणि ऐकलं नाही त्यानं तर?"

"आयकंल," त्या म्हणाल्या आणि त्यांनीच फोन ठेवला.

दीड तासानं डॉक्टर बाहेर आले. हृदयाला काही झालेलं नव्हतं. सोमवारचा उपास, त्यावर दोन प्लेट साबुदाणा वडे आणि तीन कप चहा. पित्त. डॉक्टर हसत होते. मी त्या माणसाचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. हिंमतरावांना दोन तास निरीक्षणाखाली ठेवतो म्हणाले. निशा तोवर धावत आली होती. तिला त्यांच्याजवळ बसवलं आणि मी घरी निघाले. आत्या फोन उचलत नव्हत्या.

घरी पोचले तर त्या पार्किंगमध्ये, म्हसोबासमोर फरशीवर बसल्या होत्या. भर दुपारी डोक्यावरून अंघोळ केलेली, केस ओले. शेवटच्या दिवसासाठी म्हणून ट्रंकेत जपून ठेवलेलं हिरवं नऊवारी नेसलेल्या. गळ्यातलं सोनं काढून रुमालात बांधून शेजारी ठेवलेलं, वर निशाचा फोटो, म्हणजे ते कुणाचं हे कळावं. पाय लांब केलेले, हात मांडीवर, डोळे मिटलेले. बोकड त्यांच्या पायाशी बसून रवंथ करत होता.

"आत्या!"

त्यांनी डोळे उघडले. "काय म्हणाला डाक्टर?"

"पित्त आहे. नुसतं पित्त. संध्याकाळी घरी येतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग म्हसोबाकडे, मग परत माझ्याकडे. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. फोनवर मी काय ओरडले होते ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि त्या बाईवर माया दाटून आली होती.

"म्हंजे पोरगं बरं हाय?"

"बरं आहे."

"मग मी उठू का?" त्यांनी विचारलं.

मी हात पुढे केला. गुडघे धरले होते त्यांचे, उठायला वेळ लागला.